हातात रंधा धरणारा पोरगा

घरात हौसेने गिटारची नेक, म्हणजे दांडी, बनवणाऱ्या पोराला हमखास ऐकावं लागतं, "अभ्यास सोडून हे सुतारकाम कशाला?" पण हाही अभ्यासच आहे.

तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर पहिला पडदा वरच्या पट्टीपासून ३६.४ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. दर वेळी उरलेली लांबी १७.८१७ ने भागून पुढचा पडदा ठरतो. वरच्या सुरांत मिलिमीटरभराची चूकही कानाला टोचते आणि ठोकून बसवलेला पडदा सतारीच्या पडद्यासारखा सरकवता येत नाही. तारांच्या ताणाने दांडी वाकू नये म्हणून आत पोलादी सळई घालतात. लाकूडही नीट वाळलेलं लागतं. गणित, विज्ञान आणि कान, तिन्ही एकाच कामात.

हे आपल्याला परकं नाही. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण अभिमानाने सांगितलं की हे आपल्या माणसांचं काम. मग घरातल्या पोराच्या हातात रंधा दिसला की लाज का वाटते?

पुस्तक वाचणारा हुशार आणि लाकूड ओळखणारा अडाणी, ही प्रतवारी मोडली पाहिजे. पोराने डिग्री जरूर घ्यावी. पण त्यासाठी त्याच्या हातातला रंधा हिसकावून घेऊ नका.