शिक्षण कर भरला. पुढे काय?

घरपट्टीचं बिल तुम्ही कधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय? मीही वाचलं नव्हतं. यंदा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून बिल भरायचं काम माझ्याकडे आलं. कोपरला पकडलेल्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभ्या उभ्या मी ते मोबाइलवर वाचून काढलं. त्यात एक ओळ होती : शिक्षण कर.

हा कर नवा नाही. महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी उपकर कायदा 1962 चा आहे, म्हणजे बाबांच्या जन्माआधीचा. महापालिका घरपट्टीबरोबर तो गोळा करते आणि राज्य सरकारकडे भरते. नोकरीला लागलात की आयकरावर आणखी एक उपकर बसतो. 2004 साली तो 2 टक्के होता, 2018 पासून 'आरोग्य व शिक्षण' या नावाने 4 टक्के झाला. थोडक्यात, ज्या शाळेचं फाटकही आपण कधी ओलांडलेलं नाही, तिच्यासाठी आपण दरवर्षी पैसे देतो. द्यायलाच हवेत. पण त्या पैशातून कुणी शिकतंय का, हे विचारायचं मात्र आपण सोडून दिलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी शाळांवर खर्च होतो, पण तो ठरवताना मूल काय शिकेल याचा विचार कमी होतो आणि काय दिसेल याचा जास्त. सगळा दोष भ्रष्टाचारावर ढकलून चालणार नाही. पैसा मंजूर करणारा माणूस आणि वर्गात बसणारं मूल यांच्यात अंतर इतकं आहे, की त्या अंतरावरून फक्त वस्तूच दिसतात.

मागच्या दिवाळीआधी ताईकडे गेले होते. भाची चौथीत आहे, शाळा सरकारी. नाव-गाव मुद्दाम सांगत नाही, कारण अशा शाळा सगळीकडे आहेत. शाळा नुकतीच रंगवली होती. व्हरांड्याची भिंत रेल्वेच्या डब्यासारखी, खिडक्यांतून हसरी मुलं. रोज लोकलला लटकणाऱ्या मला ते बघून हसू आलं. वर्गात मोठा टीव्ही होता, धूळ बसू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकलेला. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसली होती, कारण एक बाई मतदारयादीच्या कामाला गेल्या होत्या.

संध्याकाळी मी भाचीला दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचायला दिला. पहिल्या चार ओळी तिने धडाधड म्हटल्या. मला बरं वाटलं. मग मी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं. ती थांबली. पहिल्या ओळी तिला पाठ होत्या, वाचता एकही येत नव्हती. जोडाक्षर आलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची. शेवटी म्हणाली, "मावशी, हे आमच्या बाईंनी अजून घेतलं नाही."

ही एकट्या भाचीची गोष्ट नाही. 'असर'च्या 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीतल्या फक्त 44.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. आणि हे सर्वेक्षण खेड्यांचं आहे. कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरातलं मूल त्यात मोजलंच जात नाही.

आता खर्च कसा ठरतो ते बघा. सरकारी शाळेतल्या मुलांच्या गणवेशाचा पैसा पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचा. समिती गावातल्या किंवा वॉर्डातल्या शिंप्याकडून कपडे शिवून घ्यायची. 2023 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आलं. पुढच्या वर्षी कापडाची खरेदी थेट राज्यपातळीवर झाली. स्काउट-गाइडच्या गणवेशाचं नुसतं कापड शाळेकडे आलं आणि शिलाईला मिळाले 100 रुपये. कोपरच्या कुठल्याही शिंप्याला विचारा, 100 रुपयांत शर्ट-पँट शिवतोस का? 15 ऑगस्ट आला तरी अनेक ठिकाणी मुलं जुन्याच कपड्यांत झेंड्याला उभी होती. ज्यांना गणवेश मिळाले, त्यातल्या कित्येकांना ते मापाचे नव्हते. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि अधिकार पुन्हा समितीकडे दिला. मुंबईत बसून नांदेडच्या पोराच्या खांद्याचं माप घेता येत नाही, हे कळायला एक शैक्षणिक वर्ष गेलं.

दुसरं उदाहरण कोऱ्या पानांचं. दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून मार्च 2023 मध्ये ठरलं, की पाठ्यपुस्तकांचे चार भाग करायचे आणि नोंदींसाठी प्रत्येकात कोरी पानं घालायची. म्हणजे वह्या न्यायला नकोत. मुलं वह्या नेतच राहिली, कारण कुठल्याही शिक्षकाला माहीत होतं की तेवढ्या पानांत वर्षाचा अभ्यास मावत नाही. जानेवारी 2025 मध्ये ही योजना गुंडाळली. त्याआधी, 2015 मध्ये, याच दप्तराच्या ओझ्यासाठी मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब वाटले होते. ओझ्याचा प्रश्न अजून तसाच आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कापड, कागद, टॅब, रंग : यांची निविदा काढता येते, वाटपाचा कार्यक्रम करता येतो, फोटो टाकता येतो. एका बाईंनी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून पाच मुलांना जोडाक्षरं शिकवली, तर त्याचं उद्घाटन कोण करणार?

इथे काही जण टाळ्या वाजवतील. म्हणतील, बघा, सरकारी शाळांवरचा खर्च वायाच जातो. पगारातच सगळं संपतं, बंद करा त्या. त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही. मी अनुदानित मराठी शाळेत शिकले. माझ्या शिक्षकांचे पगार सरकार देत होतं. तिसरीत मी अडखळत वाचायचे, तेव्हा आमच्या बाईंनी पावसाळाभर मला मधल्या सुट्टीत जवळ बसवून वाचून घेतलं. आज मी हा लेख लिहितेय तो त्या पगाराच्या जोरावर. शाळेच्या खर्चात पगार सर्वांत मोठा असणारच, कारण शिक्षक नसेल तर उरते ती रंगवलेली इमारत. वाया जातो तो पगार घेणाऱ्या शिक्षकाला वर्गाबाहेर काढल्यावर. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच कामांना मुभा देतं. पण निवडणुकीच्या नावाखाली किती दिवस जातात, ते माझ्या भाचीला विचारा.

बरं, सरकारलाही आपल्या शाळांवर किती विश्वास आहे बघा. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्याने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला 25 टक्के राखीव जागांतून सूट. गरीब पालक हादरले, कोर्टात गेले. 19 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. जवळची शाळा चांगली असती तर पालकांनी ती आनंदाने निवडली असती. ती चांगली करण्याऐवजी दुसरा दरवाजा बंद करायला सरकार निघालं होतं.

गंमत म्हणजे, या राखीव जागांचा परतावा खासगी शाळांना द्यायचा तर सरकारला एका मुलामागचा खर्च काढावा लागतो. कायद्यातच तसं आहे. म्हणजे हिशोब जमतो. मग तोच हिशोब सरकारी शाळेच्या फळ्यावर का लिहीत नाहीत?

1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हाच सवाल टाकला होता. महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हाही रयतेकडून शिक्षणासाठी वेगळा उपकर घेतला जात होता. जवळजवळ दीडशे वर्षांनी पैसा शाळेपर्यंत पोचलाय, पण जाब विचारू शकणारे लोक शाळेतून निघून गेलेत. 2017 साली डोंबिवलीत साहित्य संमेलन झालं तेव्हा आमची अख्खी सोसायटी मिरवत गेली होती. त्या सोसायटीतल्या एकाही घरातलं मूल पालिकेच्या शाळेत जात नाही. उरलेल्या आईबापांची बोलण्याची ताकद आपण हिरावून घेतली, कारण आपण शेजारी उभेच राहिलो नाही. त्यात कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 पासून पाच वर्षं नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकाकडे. शाळेच्या पैशाबद्दल विचारणार कोण आणि कुणाला?

आता 2026 च्या निवडणुकीनंतर नगरसेवक आहेत. कायदा आधीपासून आहे. कलम 21 सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि अनुदान कसं खर्च होतं यावर समितीने लक्ष ठेवायचं. ताई त्या समितीवर आहे, हे तिला मी विचारल्यावर आठवलं. तिची सही घरी येऊन घेतली होती.

म्हणून मी ताईला तीन प्रश्न लिहून दिलेत. गेल्या वर्षी आमच्या शाळेत एका मुलामागे किती खर्च झाला? चौथीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा मधूनच कुठूनही वाचता येतो? आणि किती दिवस एखाद्या वर्गाला शिक्षक नव्हता? पुढच्या बैठकीत ती ते विचारणार आहे. घाबरलीय, पण विचारणार आहे. हेच तीन प्रश्न मी आमच्या वॉर्डातल्या शाळेसाठी नगरसेवकाला पाठवतेय. तुम्हीही पाठवा. मूल नसलं तरी चालेल. बिल तुमच्याही नावावर येतं.