पाहुण्यांना आपण काय दाखवतो?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावाकडे पाहुणा आला की आधी हातपाय धुवायला पाणी, मग पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणि सोबत गुळाचा खडा. विचारपूस झाली की घरातले कोणी तरी त्याला परसात नेते. हा आंबा आजोबांनी लावला, ही विहीर दुष्काळाच्या साली खणली, यंदा भाताचे असे झाले, हे सारे चालता चालता सांगते. पाहुण्याला घर दाखवणे म्हणजे काय, हे मला एवढेच ठाऊक होते.

या वर्षी आपल्या महाविद्यालयात दोन दिवसांचे चर्चासत्र झाले आणि मी स्वयंसेविका म्हणून काम केले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे नावामागे ‘डॉक्टर’ लागलेली इतकी माणसे एकत्र पाहण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. मला कामाचा मोठा उत्साह होता. कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता ‘सांस्कृतिक सहल : किल्ले रायगड व चवदार तळे’ असे छापले होते. बसमधली डोकी मोजणे आणि पाण्याच्या बाटल्या वाटणे हे माझे काम.

समारोप लांबला, आभारप्रदर्शन त्याहून लांबले आणि बस निघायला साडेतीन वाजले. पाचाडला जिजाऊंची समाधी बसच्या खिडकीतून दाखवली. रोपवेच्या रांगेत बराच वेळ गेला. गडावर राजसदर, बाजारपेठ आणि महाराजांची समाधी एवढे धावत धावत पाहून झाले. महाडला परतलो तेव्हा अंधार पडला होता. चवदार तळ्यावर दहा मिनिटे मिळाली. त्यांतली सात समूहछायाचित्रात गेली.

उरलेल्या तीन मिनिटांत विदर्भातून आलेल्या एक प्राध्यापिका माझ्याजवळ आल्या. “बाळ, त्या दिवशी परिषदेहून लोक इथवर कसे आले? कोणत्या रस्त्याने?” मी गप्प. दोन वर्षे मी रोज या गावात येते आणि तळ्याच्या पायऱ्या एकदाही उतरले नव्हते. माझी अडचण ओळखून त्यांनी विषय बदलला. “तू कुठली?” “पोलादपूर तालुक्यातली.” “तिकडे काय आहे गं पाहण्यासारखं?”

“काही नाही, मॅडम.”

मित्रहो, हा लेख मी त्या तीन शब्दांची लाज वाटली म्हणून लिहीत आहे.

त्यानंतर ग्रंथालयात बसून मी जे वाचले, ते मला आधीच माहीत असायला हवे होते. १९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात, अशी स्थिती होती. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे अशी माणसे या परिषदेमागे उभी होती. परिषदेला आलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. पाहुण्याच्या हाती आधी पाण्याचा तांब्या देणाऱ्या आपल्या कोकणात, भरल्या तळ्याच्या गावात, पाहुण्यांनी पाणी विकत घेतले! हे वाचले तेव्हा त्याच तळ्याच्या काठी मी वाटलेल्या बंद बाटल्या मला आठवल्या.

परिषद संपताना चित्रे यांनी सूचना मांडली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग सारे लोक तळ्याकडे चालत निघाले. बाबासाहेब पाणी प्याले, लोक प्याले. पुढे अफवा उठल्या, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांनी. म्हणजे महाडच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट कोणती? तर परिषदेला आलेल्या लोकांनी परिषद संपल्यावर केलेली पायपीट! आपणही परिषद भरवली, पाहुणे त्याच तळ्यावर नेले, आणि नेमकी ती वाट मात्र दाखवली नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. ती परिषद आटोपल्यावर बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह महाडजवळची बौद्धकालीन लेणी पाहायला गेले आणि तेथे त्यांनी प्राचीन भिक्षूंच्या जीवनाविषयी सांगितले. परिषदेनंतरची सहल कशी असावी, याचा धडा आपल्या गावानेच घालून दिला आहे. पाहणाऱ्याने पाहिलेल्या गोष्टीशी आपला संबंध शोधावा, हा तो धडा. आमची बस महामार्गावर गांधारपाल्याच्या लेण्यांच्या इतकी जवळ होती. डोंगरातली ती जवळजवळ तीस लेणी दाखवायला कोणी साधे बोटही वर केले नाही. मीही नाही.

यावर काहींचे म्हणणे असे की, पाहुणे दमलेले असतात, त्यांना रायगड पाहायचा असतो, आणि रायगडाइतके दुसरे आहे तरी काय? रायगडाविषयी माझा वाद नाही. १६७४ साली जेथे राज्याभिषेक झाला, तो गड पाहुण्यांनी पाहिलाच पाहिजे. वयस्कर माणसांसाठी १९९६ साली सुरू झालेला रोपवे ही मोठी सोय आहे, हेही खरे. माझी तक्रार वेळेविषयी आहे आणि त्याहून अधिक आपल्या अज्ञानाविषयी आहे. भाषणे उरकून जो वेळ उरेल तो सहलीचा, आणि सहलीत ज्याला काही येत नाही तो स्वयंसेवक वाटाड्या! निबंधवाचनासाठी आपण महिनाभर तयारी करतो. मग गाव दाखवण्यासाठी एक दिवसही का करू नये?

आता माझ्या ‘काही नाही’विषयी. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. संस्कृतात ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी खुद्द पोलादपूरला आहे. साहित्याच्या चर्चासत्राला आलेल्या पाहुण्यांना याहून जवळचे ठिकाण कोणते? २२ जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आमच्या तालुक्यातही साखर-सुतारवाडीत आणि केवनाळ्यात डोंगराने माणसे नेली. त्या जागा पाहुण्यांना दाखवाव्यात असे मी म्हणणार नाही. दुःख हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. पण भूगोलाच्या अभ्यासकांनी तेथील एखाद्या माणसाला सन्मानाने व्यासपीठावर बोलावून त्याचे ऐकले, तर बिघडेल काय?

माझ्या सूचना साध्या आहेत. सहलीला कार्यक्रमपत्रिकेत सकाळचा अर्धा दिवस द्यावा. एका चर्चासत्राला एकच ठिकाण, आणि तेही विषयाला धरून ठरवावे. मराठी, इतिहास आणि भूगोल या विभागांनी दरवर्षी आठ-दहा विद्यार्थ्यांना त्या ठिकाणांची माहिती देऊन तयार करावे. त्यांत आसपासच्या गावांतून येणारी मुले असावीत. गावातल्या जुन्या माणसांना भेटून त्यांच्या आठवणी टिपून आणण्याचे काम त्यांनाच द्यावे. दुपारचे जेवण गावातल्या बायकांकडून रीतसर पैसे देऊन घ्यावे. नाचणीच्या भाकरीची चव पाहुण्यांना शहरात मिळणार नाही. आणि चवदार तळ्याला बसने नव्हे, चालत जावे. २०२७ हे त्या सत्याग्रहाच्या शताब्दीचे वर्ष. तळे पाहू इच्छिणाऱ्यांना रस्ता सांगणारी मुले या महाविद्यालयाने तयार केली नाहीत, तर कोण करणार?

यात पाहुण्यांचा लाभ आहेच, पण खरा लाभ आपला आहे. आमच्यासारखी पहिल्यांदा शिकणारी मुले महाविद्यालयात येताना नकळत आपले गाव वेशीबाहेर ठेवून येतात. मोठे जे काही असते ते पुस्तकात आणि दूरच्या शहरात, अशी आमची समजूत असते. कोणी परक्या माणसाने आपुलकीने विचारले तर आम्ही ‘काही नाही’ म्हणून मोकळे होतो. ज्याला आपले गाव दुसऱ्याला सांगावे लागते, त्याला ते आधी नीट जाणून घ्यावे लागते.

ही हकीकत मी घरी सांगितली. बाबांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “पाहुणा ओटीवरनंच परत पाठवलास की!”

त्या प्राध्यापिका पुन्हा येतील की नाही, कोण जाणे. आल्या, तर मी बसमधली डोकी मोजत बसणार नाही. म्हणेन, “आधी पाणी घ्या मॅडम, मग चालत जाऊ. रस्ता मला माहीत आहे.”