पंप शिकवता, मग पाणी कोण शिकवणार?

मंडळी, सीईटीचा निकाल लागला की आमच्या गोतावळ्यात एकच प्रश्न फिरतो : "कॉम्प्युटर मिळालं का?" ते नाही तर आयटी, तेही नाही तर नावात एआय असलेलं काहीही. सिव्हिल मिळालं म्हणून सांगितलं की समोरचा असा चेहरा करतो, जणू घरात सुतक आहे! आणि कुणी चुकून 'सिस्टिम्स इंजिनिअरिंग' म्हटलं, तर जाणकार काका लगेच सांगतात, "म्हणजे कॉम्प्युटरच की!"

नाही हो काका. तसं नाही.

मी मराठी माध्यमाचा बी.ए. माणूस, जन्मभर शाळेत खडू झिजवला. त्यामुळे मला समजलंय ते शाळेच्या भाषेतच सांगतो. एक जण पंप बनवतो, दुसरा पाइप टाकतो, तिसरा वीज देतो, चौथा वेळापत्रक करतो. प्रत्येकाचं काम आपापल्या जागी बरोबर असतं, तरी नळाला पाणी येत नाही. असं का होतं, हे शोधणारी विद्या म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग. गरज कुणाची आणि किती, कुठला भाग कुठे जोडला जातो, एक बदलला तर दुसऱ्याचं काय होईल, आणि सगळं जोडल्यावर ते चालतं का, हा तिचा अभ्यासक्रम. थोडक्यात, भागांपेक्षा सांध्यांची काळजी.

सांधा निखळला की काय होतं, त्याचं एक उदाहरण शाळेतल्या प्रत्येक पोराला सांगावं असं आहे. अमेरिकेच्या नासाचं एक यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. यंत्र बिघडलं नव्हतं. एका गटाचे आकडे पाउंडात होते आणि दुसरा गट ते न्यूटनमध्ये समजून चालला होता. जवळजवळ साडेचार पटीचा फरक! उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून आम्ही अर्धा मार्क कापायचो, तेव्हा पालक भांडायला यायचे. इथे अख्खं यान गेलं.

पण मंगळ लांब राहिला, आपल्या उजनीचंच बघा. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. वरची पुणे जिल्ह्यातली धरणं भरून सोडली की उजनी भरते, आणि त्या पाण्याबरोबर पुणे-पिंपरीचं सांडपाणीही येतं. पाणी आलं की ऊस वाढतो, ऊस वाढला की कारखाने वाढतात, कारखाने वाढले की आणखी ऊस लागतो आणि मग आणखी पाणी! याच चक्राला इंजिनिअर लोक 'फीडबॅक' म्हणतात. शहरासाठी नदीतून पाणी सोडायचं, तर औज बंधाऱ्यापर्यंत पोचेतो वाटेत वाळू पिते, ऊन पितं, काठावरचे पंप पितात. म्हणून बंधाऱ्यात मावतं त्याच्या कितीतरी पट सोडावं लागतं. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं, आणि तरी कित्येक वर्षं आपण चार-चार, पाच-पाच दिवसांआड पिंपं भरत आलो.

आता सांगा, हा प्रश्न कुठल्या शाखेचा? सिव्हिलचा? इलेक्ट्रिकलचा? शेतकीचा? की अर्थशास्त्राचा? प्रत्येक शाखा म्हणेल, आमचा तुकडा ठीक आहे. आम्ही मुलांना तुकडेच शिकवतो, मग पूर्ण पाणी त्यांना दिसणार कसं?

ही विद्या आपल्याकडे नाहीच असं नाही. पवईच्या आयआयटीत 'सिस्टिम्स अँड कंट्रोल'चं एम.टेक. आणि पीएच.डी. करता येते. पण तिथे पोचणारी सोलापूरची पोरं किती? माझं म्हणणं असं की ही विद्या इथे आली पाहिजे. आपलं विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं ते एका जिल्ह्यापुरतं. लोक याला उणेपणा समजतात. मला विचाराल तर हेच त्याचं भांडवल आहे. एक जिल्हा, एक नदी, एक धरण, शहर, यंत्रमाग, कारखाने, पंढरीची वारी, सगळं हाकेच्या अंतरावर. याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार?

यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला, "आधी एक शाखा तर पक्की होऊ द्या." हे मला मान्य आहे. पाया नसलेला सर्वज्ञ काय कामाचा? म्हणून पहिली दोन वर्षं शाखा शिकवा आणि तिसऱ्या वर्षापासून जादा क्रेडिटचा 'मायनर' विषय म्हणून हे द्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाखांच्या भिंती ओलांडायला सांगितलंच आहे. ते कागदावरून वर्गात उतरवा.

दुसरा, "मराठीत इंजिनिअरिंग शिकवतात का कुठे?" शिकवतात. २०२१ साली एआयसीटीईने परवानगी दिल्यावर पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू झालं. आणि या विषयाला तर मराठी हवीच. त्याचा पहिला धडाच मुळी 'वापरणाऱ्याला विचारा' हा आहे. माढ्याच्या शेतकऱ्याला "तुमची वीज कधी येते?" हे इंग्रजीत विचारणार का? सोलापुरात तर मराठीबरोबर थोडी तेलुगू आणि कानडीही यायला हवी. पूर्व भागातल्या चादर विणणाऱ्याला सूत, रंग, ताण आणि नक्षीचे पत्ते यांतलं एक बिघडलं की पूर्ण चादर बिघडते, हे पुस्तकाशिवाय कळतं. त्याच्याकडून शिकायचं तर त्याच्या भाषेत बसावं लागेल.

तिसरा, सगळ्यात जोरकस, "पॅकेज किती?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. कर्ज काढून शिकवणाऱ्या बापाला तो विचारायचा हक्क आहे. पण रेल्वे, विमान, मोटारी, वीज, दवाखाने, मोठं काम जिथे जिथे आहे तिथे भाग जुळवणारा माणूस लागतोच. आणि सगळीच हुशार पोरं पुण्याच्या गाडीत बसून गेली, तर मागे उरलेल्या आई-बापांच्या नळाकडे कोण बघणार? पॅकेज बँकेत जमा होतं हो, पिंपात नाही!

असो. आमच्या वयाच्या माणसांचं ऐकतं कोण, हेही मला माहीत आहे. तरी ज्यांची मुलं यंदा फॉर्म भरताहेत, त्यांनी महाविद्यालयात गेल्यावर प्लेसमेंटचा तक्ता जरूर बघावा आणि त्यानंतर एवढं विचारावं : "इथे तुकडे जोडायला कोण शिकवतं?" दहा पालकांनी विचारलं तर प्राचार्य हसतील. हजारांनी विचारलं तर विषय सुरू करावा लागेल. तुम्हाला काय वाटतं, कळवा. भांडायचं असेल तरी चालेल, मला सवय आहे.