खिडकीमागची सदसद्विवेकबुद्धी

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव हे गाव रेणुकादेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. रेणुका-यल्लम्माच्या परंपरेत जोगत्यांना, म्हणजे स्त्रीवेश घेऊन देवीच्या सेवेत राहणाऱ्या पुरुषांना, पूर्वापार स्थान आहे. देवीच्या दारी त्यांना स्थान मिळते. शासनाच्या दारी काय मिळते?

क्षणभर कल्पना करू या. या गावातील दोन पुरुष एकाच शिधापत्रिकेचा अर्ज घेऊन गंगाखेडच्या तहसील कार्यालयात आले आहेत. खिडकीमागे आपल्याच धर्मग्रामातला, नियमित मिस्साला जाणारा तरुण लिपिक बसला आहे. अर्ज पाहून तो म्हणतो, ‘माझी सदसद्विवेकबुद्धी हे मान्य करीत नाही,’ आणि कागद परत सरकवतो. आपल्यापैकी कित्येकजण या तरुणाला श्रद्धेचा वीर ठरवतील. मला मात्र वाटते, त्याने श्रद्धेचीही सेवा केली नाही आणि शासनाचीही नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे २०१५ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात किम डेव्हिस या अधिकारी बाईंनी विवाह परवाने अडवून जो वाद पेटविला, तो आपल्या तहसिलीत उद्‌भवतच नाही. येथे मागितले जाते ते धान्य, औषध आणि पोलिसांचे संरक्षण. केंद्राच्या अन्न विभागाने २०२४ साली राज्यांना कळविले, की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील समजावे. जवळचे नातलग नसतील तर जोडीदाराला मृतदेहाचा ताबा मागता यावा, असेही आरोग्य खात्याने त्याच वर्षी सुचविले. मृताला मूठमाती देणे हे तर आपण दयेचे कृत्य मानतो. त्याला आडवी येणारी श्रद्धा कोणती?

‘पण अर्जावर शिक्का मारणे म्हणजे त्या जीवनपद्धतीला संमती देणे नव्हे काय?’ असे विचारले जाईल. नव्हे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली घटस्फोटितांचे पुनर्विवाह रोज नोंदले जातात. ख्रिस्तसभा असे विवाह वैध मानीत नाही. तरी ते नोंदताना आपल्या लिपिकाचा हात थरथरला, असे कधी ऐकले आहे काय? दारूविक्रीचे परवाने देतानाही तो थरथरत नाही. जी सदसद्विवेकबुद्धी एकाच प्रकारच्या माणसासमोर जागी होते आणि इतरांसमोर गाढ झोपते, तिचे खरे नाव किळस आहे.

ख्रिस्तसभेची शिकवणही संदिग्ध नाही. समलिंगी संबंध आणि समलिंगी विवाह यांविषयीची तिची भूमिका सर्वांना ठाऊक आहे; ती बदलावी, असे मी येथे म्हणत नाही. पण १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने त्याच प्रकरणात या व्यक्तींना आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने स्वीकारावे आणि त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभाव टाळावा, असे बजावले आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, समलिंगी व्यक्तींना आपण कधी गुन्हेगार मानलेले नाही, असे जाहीरपणे सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०२३ मध्ये समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे स्पष्ट केले.

मग सदसद्विवेकबुद्धीला शासकीय सेवेत जागाच नाही काय? आहे, आणि ती राखलीच पाहिजे. आपल्या हाताने जे कृत्य करणे एखाद्याला खरोखर पाप वाटते, त्यातून त्याने आधीच, लेखी सुटका मागावी. काम सहकाऱ्याकडे जावे आणि दारी आलेल्याला त्याची झळही लागू नये. तेही शक्य नसेल, तर संत थॉमस मोर यांचा मार्ग आहे. राजाच्या धोरणाशी जुळवून घेता येईना, तेव्हा १५३२ साली त्यांनी चॅन्सेलरपद सोडले आणि १५३५ साली शिर दिले. खुर्ची राखून दुसऱ्याची भाकर अडविणे हा त्यांचा मार्ग नव्हता. सदसद्विवेकबुद्धीची किंमत तिच्या धन्याने मोजायची असते, खिडकीबाहेरच्या गरिबाने नव्हे.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांनी २०१७ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. प्रथम नकार मिळाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर परवानगी मिळून २०१८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सरकारी सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. एका माणसाला आपल्याच खात्याशी किती झगडावे लागते, हे त्यातून दिसले.

शेवटी आपल्या स्वतःच्या हिताचाही विचार करावा. औरंगाबाद धर्मप्रांतात, मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत आपण मूठभर आहोत. आपले दाखले, आपल्या दफनभूमीचे कागद, आपल्या शाळांच्या परवानग्या परधर्मीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर असतात. उद्या त्यांच्यापैकी एखादा म्हणाला, की ख्रिस्ती माणसाचा कागद पुढे सरकवणे माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, तर आपण कोणत्या तोंडाने राज्यघटनेकडे बोट दाखवणार?

चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगताना आपण उतारशाळेच्या रखवालदाराला विसरतो. तो संत नव्हता. पैसे घेऊन सेवा देणारा साधा माणूस होता. जखमी कोण, कोणत्या वाटेने निघाला होता, त्याचे आचरण कसे, हे विचारल्याचा उल्लेख कोठेही नाही. त्याने दार उघडले. खिडकीमागे बसलेल्या आपल्या मुलामुलींकडून प्रभू याहून अधिक मागत नाही. आणि याहून कमीही नाही.