भोळ्या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

परदेशात शिकवायला जावे असे ज्याच्या मनात नुकतेच आले आहे, त्या शिक्षकाचा पहिला प्रश्न बहुधा भोळा असतो. भोळा प्रश्न म्हणजे असा प्रश्न, की ज्याचे उत्तर त्या वाटेने आधी गेलेल्या माणसाच्या पुरते अंगवळणी पडलेले असते आणि एकेकाळी ते आपल्यालाही ठाऊक नव्हते, हे तो पार विसरून गेलेला असतो. ‘सर, आपलं बी.एड. तिकडं चालतं का?’, ‘मराठी मीडियमवाल्याला घेतात का हो?’, ‘व्हिसा आपण काढायचा की शाळा काढती?’ अशा प्रश्नांवर अनुभवी मंडळींकडून पुष्कळदा एखादे हसू, एखादा सुस्कारा किंवा ‘आधी जरा वाचून या’ एवढेच उत्तर मिळते. हा अधीरपणा दिसायला किरकोळ असला, तरी त्याची किंमत विचारणाऱ्याला मोजावी लागते आणि ती कधीकधी एकरांत मोजली जाते, म्हणून त्याचा विचार व्हायला हवा.

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे तालुक्याचे गाव या प्रश्नांची मुळे समजून घ्यायला सोयीचे आहे. कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्गावर असलेल्या या गावातून रेल्वे धरायची तर मानवत रोड किंवा सेलू गाठावे लागते. भोवताली कापूस, सोयाबीन आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा ऊस आहे. आणि शेतीवर सगळ्यांचे भागत नाही म्हणून मुलाला किंवा सुनेला डी.एड., बी.एड. करवण्याची रीत मराठवाड्यातील इतर तालुक्यांप्रमाणे येथेही रुजलेली आहे. परंतु पदविका किंवा पदवी हाती येणे आणि नोकरी लागणे यांतील अंतर गेल्या दीड दशकात फार वाढले. २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर निर्बंध आले. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता चाचणी, म्हणजे ज्या परीक्षेच्या गुणांवर ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलमार्फत नेमणूक होते ती परीक्षा, २०१७ च्या अखेरीस प्रथमच झाली आणि दुसऱ्या चाचणीसाठी २०२३ उजाडावे लागले. निवड झालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची, आणि ते मानधन २०२३ मध्ये वाढवल्यानंतरही प्राथमिक शिक्षकासाठी महिना १६,००० रुपये. विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतले तितक्याच तासांचे पैसे या अटीवर, काम करणाऱ्याला तेवढीही शाश्वती नसते. अशा स्थितीत मस्कत, दुबई किंवा मालदीव येथील शाळेत शिक्षक हवे असल्याची जाहिरात मोबाइलवर आली, की ‘बाहेर काही जमतंय का’ हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. वयाची तिशी ओलांडत आलेली, घरची जबाबदारी वाढलेली आणि भरतीची जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसलेली व्यक्ती जेव्हा प्रश्न विचारते, तेव्हा त्या प्रश्नात चौकशीइतकीच धाकधूकही असते.

या प्रश्नांपैकी काही जवळून पाहिले, तर त्यांचा भोळेपणा फसवा असल्याचे ध्यानात येते. ‘मार्कमेमोवर नाव उलटं आहे, चालंल का?’ हा त्यांतलाच एक. महाराष्ट्रातील दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम असतो आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत असते. पारपत्रावर, म्हणजे पासपोर्टवर, आडनावाचा आणि दिलेल्या नावाचा रकाना वेगळा असतो. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकेच्या बाबतीत तर दहावीचे नाव एक, बी.एड.चे दुसरे आणि आधारवरचे तिसरे, अशी तऱ्हा होऊन बसते. परक्या देशातील अधिकाऱ्याला मराठी नावाची ही घडण ठाऊक असण्याचे कारण नाही आणि त्याच्या लेखी ही दोन-तीन वेगळी माणसे ठरू शकतात. म्हणून राजपत्रातील नावबदलाची प्रत, विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवणे शहाणपणाचे असते. हसण्यावारी नेलेला हा प्रश्न म्हणजे प्रत्यक्षात अर्ज अडकण्याच्या एका नेहमीच्या कारणावर ठेवलेले बोट असते.

दुसरा प्रश्न याहून स्थानिक आहे. पाथरीच्या विद्यार्थ्याच्या दहावीच्या जुन्या प्रमाणपत्रावर औरंगाबाद विभागीय मंडळाचे नाव असते, त्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आणि पदवी बहुधा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची असते, जे १९९४ मध्ये स्थापन झाले. तेव्हा ‘जुन्या नावाचं सर्टिफिकेट बाद होतं का?’ असे कोणी विचारले, तर त्यात हसण्यासारखे काहीच नाही. शहराचे नाव बदलल्याने जुने प्रमाणपत्र बाद होत नाही, हे एका वाक्याचे उत्तर आहे. पण ते कोणी दिले नाही, तर माणूस नव्या प्रमाणपत्रासाठी विनाकारण खेटे घालत बसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते, ती अशी की परदेशी शाळेला दीक्षांत समारंभानंतरचे मूळ पदवी प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि गुणपत्रिका व तात्पुरत्या प्रमाणपत्रावर वर्षानुवर्षे निभावलेल्या अनेकांनी ते विद्यापीठातून कधी काढलेलेच नसते.

कागदपत्रांच्या साक्षांकनाचा, म्हणजे ते खरे असल्याची सरकारी खातरजमा करून घेण्याचा, प्रश्नही तसाच आहे. ‘अपॉस्टिल’ हे आंतरराष्ट्रीय करारान्वये दिले जाणारे प्रमाणन असून करारातील एका देशाने ते दिले की दुसरा देश ते मानतो. भारत या व्यवस्थेत २००५ पासून आहे आणि भारतात ते परराष्ट्र मंत्रालय देते. ओमान त्या करारात असल्याने तेथे अपॉस्टिल पुरते, संयुक्त अरब अमिराती त्यात नसल्याने तेथे दूतावासाचा शिक्का लागतो, आणि दुबईत त्यापुढे शाळांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची मान्यताही घ्यावी लागते. म्हणजे ‘कोणते कागद लागतात?’ या सरधोपट प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते, आणि मस्कतला दहा वर्षे काढलेल्या गुरुजींचे उत्तर दुबईला निघालेल्या उमेदवाराला तंतोतंत लागू पडेलच असे नाही.

अनुभवी माणसाने उत्तर दिले नाही म्हणून प्रश्न विरून जात नाही. तो दुसऱ्या दारी जातो, आणि ते दार अनेकदा एजंटाचे असते. एजंट कधीही हसत नाही, कोणत्याही प्रश्नाला मूर्खपणाचा म्हणत नाही, चहा मागवतो आणि सगळ्या प्रश्नांना ‘होऊन जाईल’ हे एकच उत्तर देतो. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाने केंद्र सरकारकडे नोंदणी केलेली असणे बंधनकारक आहे, त्याची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी इतकी आहे. ही तीन वाक्ये ज्याला वेळेवर ऐकायला मिळाली, तो लाखांची मागणी करणाऱ्याच्या दारातून परत फिरू शकतो. ज्याला मिळाली नाहीत, तो बांधालगतचा तुकडा गहाण टाकून पर्यटक व्हिसावर विमानात बसतो आणि तेथे उतरल्यावर त्या व्हिसावर शिकवणे बेकायदा आहे हे त्याला कळते. तेव्हा या विषयातील सहनशीलता हा नुसता स्वभावाचा गुण राहत नाही. फसवणूक रोखण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन ठरते.

परक्या मुलखात शिकवायला जाणे आणि तेथील साध्यासुध्या गोष्टी विचारत विचारत शिकणे हे मराठवाड्याला नवे नाही, मात्र पूर्वी ही वाहतूक उलट दिशेने होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत पाथरी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते आणि सोलापूर-पुण्याकडून येथे येणाऱ्या मराठी शिक्षकासाठी हा मुलूख भाषेने अर्धा आपला असला, तरी कारभाराने परका होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, नाणे हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनाचे, कागदोपत्री वर्ष फसली सनाचे, म्हणजे महसुली कालगणनेचे, आणि सभा-संमेलनांवर सरकारी परवानगीचा जाच. याच मुलखात हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेले, सोलापूर, अमळनेर व पुणे येथे शिकलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, ब्रिटिश हद्दीतून येऊन तेथे शिक्षक झाले व १९३५ मध्ये अंबाजोगाईच्या शाळेत गेले. हद्द ओलांडून आलेल्या शिक्षकाला कोणता कागद कोणत्या कचेरीत द्यायचा, फसली साल कसे मोजायचे, कोणती गोष्ट उघड बोलायची नाही, हे स्थानिकांना विचारल्यावाचून गत्यंतर नव्हते. आज मराठवाड्यातील अनेक बी.एड.धारकांच्या पदवीवर ज्यांचे नाव छापलेले असते, ते स्वतः असे हद्द ओलांडून आलेले शिक्षक होते, एवढे लक्षात ठेवले तरी नवख्याच्या अज्ञानाकडे पाहण्याची दृष्टी बदलावी.

स्वातंत्र्यानंतर भारतीय शिक्षक सम्राट हैले सेलासी यांच्या काळातील इथिओपियात मोठ्या संख्येने गेले, आणि नायजेरियाने १९७६ मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना हाती घेतल्यानंतरच्या काळात तेथेही गेले. त्या पिढीला एका प्रश्नाचे उत्तर पत्राने यायला आठवडे लागत, त्यामुळे पत्र लिहिणारा सगळे प्रश्न एकदम व विचारपूर्वक लिही आणि उत्तर देणाराही चार पाने खर्ची घाली. आता प्रश्न क्षणात पोचतो, म्हणून तो अर्धवट असतो, आणि उत्तरही क्षणात अपेक्षित असते, म्हणून ते त्रोटक असते; दोन्ही बाजूंची चिडचिड वाढण्याचे एक कारण या वेगात आहे.

याबाबतीत एक विसंगती विशेष नोंदवण्याजोगी आहे. उत्तर देणारा आणि विचारणारा असे दोघेही पेशाने शिक्षक असतात. वर्गातील मुलाने पाचव्यांदा तोच प्रश्न विचारला, तरी न चिडता पुन्हा सांगावे, उदाहरण बदलून पाहावे, मुलाला आधी काय येते हे तपासून मग पुढे न्यावे, हे बी.एड.च्या अभ्यासक्रमात शिकवले जाते आणि सराव पाठाच्या निरीक्षणात तपासलेही जाते. तोच शिक्षक बरोबरीच्या माणसाचा प्रश्न ऐकताना ती सगळी शिस्त गुंडाळून ठेवतो, कारण प्रौढ माणसाला एवढे तरी ठाऊक असावे अशी त्याची धारणा असते. वास्तविक नव्या वाटेवर प्रत्येक प्रौढ पहिलीतलाच असतो. ‘इंग्रजी जमेल का?’ असे विचारणाऱ्याला ‘जमेल’ किंवा ‘अवघड आहे’ असे एका शब्दात उत्तर देण्याऐवजी विषय शिकवण्यापुरते इंग्रजी, पालकांशी बोलण्याचे इंग्रजी आणि काही देशांत लागणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेचे इंग्रजी या तीन निराळ्या पायऱ्या आहेत, आणि मुलाखतीत व्हिडिओ कॉलवर एक नमुना पाठ घ्यावा लागू शकतो, हे सांगितले, तर त्याच्या भीतीचे रूपांतर तयारीत होते.

सहनशीलतेला अर्थातच मर्यादा आहेत, आणि त्या मान्य केल्या नाहीत तर ती ढोंग ठरते. ‘माझं तेवढं काम करून टाका’ हा प्रश्न नसतो, ते ओझे असते, आणि ते नम्रपणे नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. विचारणाऱ्यानेही कोणता देश, कोणता विषय, किती वर्षांचा अनुभव आणि आतापर्यंत काय शोधले, एवढे तरी सांगूनच विचारावे. दुसरी मर्यादा उत्तर देणाऱ्याच्या ज्ञानाची आहे, कारण या क्षेत्रातील नियम लवकर शिळे होतात. इंग्लंडने २०२३ च्या फेब्रुवारीपासून भारतासह आणखी काही देशांतील गणित, विज्ञान व भाषा या विषयांच्या शिक्षकांना तेथील शिक्षक-अर्हतेसाठी अर्ज करण्याची वाट खुली केली. त्याआधीच्या अनुभवावर ‘तिकडे आपल्याला कोणी विचारत नाही’ असे आजही ठासून सांगणारा माणूस, हेतू चांगला असूनही, दुसऱ्याची संधी हिरावतो. अशा वेळी ‘माझ्या काळी असे होते, आताचे तपासून घ्या’ हे वाक्य कोणत्याही सविस्तर उत्तराइतकेच मोलाचे असते.

काही प्रश्नांना तर व्यवस्थेकडेही नीट उत्तर नसते, हेही विसरता कामा नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जाण्याच्या त्यांच्या रजेचा प्रश्न २०२२ च्या जानेवारीत राज्यभर गाजला. जगाने दखल घेतलेल्या शिक्षकाच्या बाबतीत ‘रजा मिळते का?’ हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा ठरत असेल, तर पाथरीतील एखाद्या शिक्षिकेने तो दहा जणांना विचारला म्हणून तिला भोळी ठरवणे अन्यायाचे आहे.

म्हणून ज्यांनी परदेशात शिकवले आहे, त्यांनी सुटीत गावी आल्यावर आपल्या जुन्या शाळेत किंवा अध्यापक महाविद्यालयात एक दुपार द्यावी. कागदपत्रांची यादी, एजंट तपासण्याची रीत, करारात पाहायची कलमे, म्हणजे पगार हातात किती, राहण्याची सोय कोणाची, विमानभाडे कोणाचे, नोकरी सोडल्यास काय, हे मराठीत एका कागदावर लिहून तेथे ठेवावे आणि दरवर्षी तो कागद दुरुस्त करावा. असे केल्याने तेच ते प्रश्न निम्म्याने घटतील, आणि उरलेले निम्मे, ज्यांना खरोखरच माणसाने माणसाला उत्तर द्यावे लागते, त्यांच्यासाठी वेळही उरेल व धीरही.