रुग्णाची कूस, मावशीची पाठ

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. साठच्या दशकात टेल्को, बजाज आणि भोसरीची एमआयडीसी आली. त्यामागून सातारा, सांगली, नगर, सोलापूर आणि मराठवाड्यातून कामगार आले. त्यांतल्या पहिल्या पिढीतले अनेक जण आज सत्तरीच्या पुढे आहेत. प्राधिकरणात, चिंचवडला, संत तुकारामनगरात त्यांची घरे झाली, मुले शिकली आणि काहींची मुले पुण्याबाहेर, देशाबाहेरही गेली. आता त्यांच्यापैकी कोणाला अर्धांगवायू झालेला असतो, कोणाला पार्किन्सन्स, तर कोणाचे खुब्याचे हाड मोडलेले असते. घरी त्यांची जोडीदारीण असते, तीही पासष्टीची. अशा घरात सकाळी आठला किंवा रात्री आठला पिशवी घेऊन जी बाई येते, तिला सगळे ‘मावशी’ म्हणतात. पुरुष असेल तर ‘ब्रदर’ किंवा ‘मामा’.

ही मावशीही बाहेरूनच आलेली असते. लातूर, नांदेड, परभणी, बुलडाणा किंवा यवतमाळकडची. नवरा चाकण, म्हाळुंगे, तळवडे भागातल्या एखाद्या कंपनीत कंत्राटी कामावर, बिऱ्हाड चिखली किंवा कुदळवाडीकडे भाड्याच्या खोलीत. म्हणजे एका पिढीचा स्थलांतरित आजारी पडला आहे आणि दुसऱ्या पिढीची स्थलांतरित त्याला सांभाळते आहे. दोघांच्या मध्ये असतो ‘ब्युरो’. तो फोनवर मागणी घेतो, माणूस पाठवतो आणि पगारातून आपले कमिशन कापून घेतो. ड्युटी बारा तासांची किंवा चोवीस तासांची. मावशी स्वतःच्या कामाला ‘पेशंट करते’ असे म्हणते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणात ‘घरी वैयक्तिक शुश्रूषा करणारे’ असा स्वतंत्र वर्ग आहे. आपल्याकडे ही बाई परिचारिका नाही आणि धुणी-भांडी करणारी कामवालीही नाही.

मात्र परदेशी पाठवायचे म्हटले की याच कामाला नाव मिळते. मे २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात ४२ हजार भारतीय कामगारांबाबत समझोता झाला. त्यांतले ३४ हजार बांधकामासाठी होते आणि आठ हजार शुश्रूषेसाठी. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलने आणखी पाच हजार केअरगिव्हर मागितले. त्यासाठी सांगितलेली पात्रता पाहण्यासारखी आहे : किमान दहावी उत्तीर्ण, मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र आणि ९९० तासांचा प्रत्यक्ष कामाचा सराव. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. चाकणला मोटारी बनवणाऱ्या मर्सिडीजचे हे मूळ गाव. दहा हजार जणांच्या त्या पहिल्या प्रकल्पात परिचारिका आणि रुग्णसहायकही आहेत, आणि त्यांच्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग आखले गेले.

थोडक्यात, तेल अवीवमधल्या आजोबांना उचलायचे तर ९९० तासांचा सराव लागतो. निगडीतल्या आजोबांना उचलायचे तर एक फोन पुरतो. ‘होम हेल्थ एड’ नावाचा अभ्यासक्रम आपल्याकडेही आहे आणि आरोग्य क्षेत्राची कौशल्य परिषद तो चालवते. पण तो केलेल्यांनाच घरी पाठवावे अशी सक्ती ब्युरोवर नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे, पण तो रुग्णालयाच्या दारापर्यंतच पोचतो. रुग्ण घरी गेला की त्याची खाट कायद्याच्या बाहेर जाते.

त्या खाटेवर काय चुकू शकते? अर्धांगवायूचे उदाहरण घेऊ. आठ-दहा दिवसांनी डिस्चार्ज मिळतो. फिजिओथेरपिस्टने मुलाला किंवा सुनेला सगळे दाखवलेले असते, पण मावशी दुसऱ्या दिवशी येते आणि ते ज्ञान तिच्यापर्यंत अर्धेमुर्धेच पोचते. मग बसवताना ती लुळा पडलेला हात धरून ओढते. त्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, सांधा सैल पडलेला असतो. दोन-तीन वेळा असे ओढले की खांदा निखळल्यासारखा होतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. त्या दुखण्याने व्यायाम थांबतो आणि हात कायमचा आखडतो. आधार द्यायचा तो खांद्याच्या पाठीमागून आणि कमरेला. हे शिकायला दहा मिनिटे लागतात.

दुसरा धोका घशाचा. मेंदूच्या झटक्यानंतर अनेकांना गिळणे नीट जमत नाही. पाणी किंवा पातळ चहा श्वासनलिकेत उतरतो आणि काही वेळा ठसकाही लागत नाही. त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून भरवताना रुग्ण सरळ बसलेला हवा. नाकातून नळी असेल तर डोके ३० ते ४५ अंश वर हवे आणि भरवून झाल्यावर अर्धा ते एक तास तसेच राहायला हवे. घाईने, आडवे ठेवून, ‘दोन घास खाऊन घ्या’ म्हणत प्रेमाने भरवणे हे यातले सर्वात धोक्याचे. अशी घाई बहुतेकदा घरचीच माणसे करतात, हेही सांगायला हवे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या वर कधीच नको, नाहीतर पिशवीतली लघवी उलटी जाऊन जंतुसंसर्ग होतो. चाकाच्या खुर्चीवरून फिरवताना ही पिशवी रुग्णाच्या मांडीवर ठेवलेली सर्रास दिसते.

तिसरा धोका बेडसोरचा. हाडाच्या उंचवट्यावर सतत दाब पडला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी आतून मरते. माकडहाड, खुबा, टाच या त्याच्या ठरलेल्या जागा. पुस्तकात सुरुवातीची खूण लाली अशी दिली आहे : बोटाने दाबून सोडले तरी जी पांढरी पडत नाही, ती लाली. पण आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे हात फिरवून पाहावे लागते. जागा भोवतालपेक्षा गरम, कडक किंवा पिठाळ लागते का, रंग गडद झाला आहे का, हे पाहायचे. मुरलेल्या मावशीला हे हाताने कळते. नवीन बाईला कोणी सांगत नाही.

बेडसोर टाळायला दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियम डॉक्टर सगळ्यांना सांगतात. दिवसा तो जमतो. चोवीस तासांच्या ड्युटीत मात्र त्याचा अर्थ असा होतो की रात्री दहा, बारा, दोन, चार आणि सहाला उठायचे. मध्ये डायपर आणि मध्येच ‘पाणी दे’. सलग दोन तासांची झोपही नाही, असे महिनोन्‌महिने चालते. सतरा तास जागे असलेल्या माणसाची कामातली चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर मद्य असेल तर वाहन चालवणे गुन्हा आहे. म्हणजे जिला स्कूटर चालवू देणे धोक्याचे ठरेल अशा अवस्थेत आपण तिला इन्सुलिनचे माप भरायला सांगतो.

यावर विज्ञानाकडे थोडा दिलासा आहे, पण तो घराघरात पोचलेला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ वृद्धनिवासांत ९४२ जणांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना बेडसोरचा मध्यम ते जास्त धोका होता आणि सर्व जण दाट फोमच्या चांगल्या गादीवर होते. काहींची कूस दोन तासांनी बदलली, काहींची तीन, काहींची चार तासांनी. बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. अर्थात तिथे कातडीची तपासणी काटेकोर होती आणि गादीही साधी नव्हती. आपल्याकडच्या दबलेल्या कापसाच्या गादीला हा निष्कर्ष लावता येणार नाही. पण गादी चांगली असेल, कातडी शाबूत असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल, तर रात्रीपुरते अंतर वाढवून सलग झोपेचे तीन-चार तास मिळवता येतात. त्यामुळे गादीचा खर्च जितका रुग्णासाठी, तितकाच मावशीसाठीही असतो.

झोपेइतकाच प्रश्न पाठीचा आहे. माणूस हाताने उचलताना एका व्यक्तीने सुमारे १६ किलोपेक्षा जास्त भार घेऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवली आहे, तीही परिस्थिती अनुकूल असेल तर. सत्तर किलोच्या माणसाचा नुसता एक पाय अकरा किलोच्या आसपास भरतो. या हिशेबाने मावशीने एक पाय उचलून धरावा आणि थांबावे! प्रत्यक्षात ती सबंध माणूस खाटेवरून कमोडवर नेते, दिवसातून चार-पाच वेळा, तेही अरुंद बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर. माणसाच्या वजनाला मूठ नसते. तो मध्येच घाबरून गळ्याला मिठी मारतो किंवा पाय सोडून देतो. पाठ तिथेच भरते. रुग्ण सरकवायची गुळगुळीत चादर, कमरेला बांधायचा धरपट्टा, उंची बदलणारी खाट ही साधने काही अद्‌भुत नाहीत. भाड्याने खाटा देणारी दुकाने पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत. पण खाट निवडताना ती वापरणार कोण, हे कोणी विचारत नाही.

इथे चाकणची तुलना टाळता येत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने नवऱ्याच्या कामाचे तास मोजले, आठवडा ४८ तासांचा केला. अवजड वजन उचलण्याविषयी त्यात ३४ वे कलम होते. बायको ज्या घरात माणूस उचलते तिथे यातले काहीच लागू नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण तो नोंदणी आणि कल्याण योजनांचा कायदा आहे. कामाचे तास तो ठरवत नाही. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला. हाक आली की उठायचे अशी तयारीत घालवलेली वेळही कामाचीच कशी मोजावी, याचा विचार त्यात आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण अद्याप त्याला मान्यता दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास केंद्राला सांगितले.

परदेशात सगळे सुखाचे आहे असेही नाही. इस्रायलमध्ये घरी राहून शुश्रूषा करणाऱ्या परदेशी कामगारांना ओव्हरटाइमचा कायदा लागू होत नाही, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला आणि २०१३ मध्ये कायम ठेवला. मे २०२१ मध्ये अश्कलोनला रॉकेट पडून मृत्यू पावलेली केरळची महिला अशीच एका वृद्धेच्या घरी कामाला होती. तरीही पगार लाखाच्या घरातला म्हटल्यावर आपल्या मुली तिकडे बघणारच. आणि ज्या शिकल्या आहेत, त्याच आधी जातील.

तो पगार तिकडे परवडतो, कारण त्याचा भार एकट्या कुटुंबावर नसतो. इस्रायलमध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा १९८८ पासून आहे, जर्मनीत १९९५ पासून, जपानमध्ये २००० पासून. भोसरीतल्या निवृत्त कामगाराला ईपीएस-९५ चे किमान निवृत्तिवेतन महिन्याला एक हजार रुपये आहे. आरोग्य विमा आणि जन आरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहेत, मावशीच्या पगारासाठी नाहीत. त्यामुळे पगार वाढवून मागणारी मावशी आणि ‘जमणार नाही’ म्हणणारे काका, दोघेही खरेच बोलत असतात. देशातल्या साठीपुढच्या सुमारे २४ टक्के लोकांना आंघोळ, कपडे, चालणे यांपैकी एखादी तरी क्रिया अवघड जाते, असे वृद्धत्वाच्या राष्ट्रीय पाहणीत २०१७-१८ मध्ये आढळले. त्या सर्वांना मावशी लागते असे नाही. पण ज्यांना लागते त्यांची संख्या वाढतीच राहणार.

विमा येईल तेव्हा येईल. तोवर काही गोष्टी महापालिकेच्या आवाक्यात आहेत. केरळने २००८ च्या धोरणानंतर पंचायतींमार्फत घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या. त्या स्वतः जखम पाहतात, नळी बदलतात आणि घरच्यांना शिकवतात. पिंपरी-चिंचवडकडे स्वतःचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, दवाखाने आहेत. आठवड्यातून एक दुपार मावशींसाठी ठेवता येईल, फिजिओथेरपिस्ट आणि एक खाट एवढ्यावर. रुग्णालयांनी डिस्चार्जच्या दिवशी ‘सांभाळणार कोण, तिला बोलवा’ एवढे म्हटले तरी खांद्याची आणि घशाची बरीच दुखणी वाचतील.

घरच्यांनाही उद्यापासून करता येईल असे काही आहे. उशाशी एक वही ठेवावी आणि भरवलेले, कूस बदललेली, लघवी, औषध, सगळ्यांच्या वेळा तीत लिहाव्यात. दोन मावशा आलटून पालटून येत असतील तर वही सर्वांत उपयोगी. तिच्यात आणखी एक रकाना आखावा : मावशी रात्री किती वाजता झोपली आणि किती वेळा उठली.