वरातीतले प्रयोगशील
वैशाखात धुळ्याकडची वरात निघाली की पुढे काय काय वाजणार, हे बँडवाल्यांनाही नक्की ठाऊक नसतं. गाडीवर जनरेटर घरघरतो, भोंग्यांतून कीबोर्डवरची पावरी सुटते. (मूळ पावरी म्हणजे फुंकायचं वाद्य, साक्री-पिंपळनेरकडच्या कोकणा आदिवासींची, भोपळ्याची नि बांबूची, कीबोर्डवर आली नि कर्कश झाली, पण नाचणाऱ्यांची तक्रार नाही.) वाजवणाऱ्याची नजर पट्ट्यांवर नसतेच, ती असते पायांवर. पाय जरा जड झाले की तो एका अहिराणी गाण्याच्या मधूनच दुसऱ्यात शिरतो, ड्रमवाला मान डोलावून लय चढवतो, गायक नवरदेवाच्या मामाचं नाव ओळीत कोंबतो. असंच ऐनवेळी, 1970 साली, जर्मनीतल्या कोलोनच्या ‘कॅन’ या रॉक बँडने म्युनिकच्या रस्त्यावर गाणाऱ्या दामो सुझुकीला त्याच रात्री, विनातालीम, मंचावर उभं केलं. रसिक अजून ती गोष्ट सांगतात, आणि सांगावी अशीच ती आहे. धुळ्याकडची असली वरात मात्र आपण ‘धिंगाणा’ म्हणून निकालात काढतो. मामाने पाचशेची नोट नाचवली, तर मारुतीच्या पारापाशी हाच धिंगाणा आणखी अर्धा तास अडतो, आणि दरवेळी वेगळा वाजतो.